बिनबटाट्याचा मसाला डोसा

भंवरीबाई बोथरांचा उजवा गुडघा दिवाळीच्या साफसफाईत गेला. माळ्यावरचे पितळी डबे उतरवायला त्या स्टुलावर चढल्या, उतरताना पाय जरासा मुरगळला, आणि त्या दिवसापासून गुडघा जो रुसला तो काही केल्या वळेना. शेक झाला, तेल झालं, शेजारणीने सांगितलेला एरंडाचा पाला बांधून झाला. शेवटी डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही, पण वीस दिवस फिजिओथेरपी घ्यावी लागेल. आणि घरात बसून राहायचं नाही, चालायचं.

बसून राहायचं नाही हे ऐकून भंवरीबाईंना हसूच आलं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्या बसल्या होत्या कधी? जळगावच्या दाणा बाजारात त्यांच्या यजमानांची, कन्हैयालालजींची धान्याची पेढी. घरात मुलगा, सून रूपल, नातू मनन. पहाटे जैन रिवाजाचं सामायिक, म्हणजे ध्यान, मग स्वयंपाक, मग आल्यागेल्याचं, आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं. अठराव्या वर्षी त्यांनी साध्वीजींसमोर कंदमूळ न खाण्याचा नियम घेतला होता, तो आजवर मोडला नव्हता. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं, जे जे जमिनीच्या पोटातून निघतं ते त्यांच्या ताटात कधी आलं नाही. त्यामुळे हॉटेलात जाण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नाकार्याला गेल्या तरी पिण्याच्या उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत असायची.

रूपल रोज नऊ वाजता त्यांना स्कूटीवरून नवीपेठेतल्या दवाखान्यात सोडायची आणि तिथून जिमला जायची. येताना भाजीबिजी घेऊन पावणेअकराला न्यायला यायची. भंवरीबाईंचा व्यायाम मात्र पावणेदहालाच संपायचा. म्हणजे रोज एक तास दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. पहिले तीन दिवस त्यांनी माळ ओढली. चौथ्या दिवशी माळेत लक्ष लागेना, कारण शेजारी प्रमिलाबाई येऊन बसल्या.

प्रमिलाबाई पाटील गिरणेच्या काठच्या एका गावातून बसने यायच्या. साठीच्या आतबाहेरचं वय, ठसठशीत कुंकू, दंडावर गोंदण, आणि आवाज असा की दवाखान्यातल्या नर्सने दोनदा हळू बोलायला सांगितलेलं. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. घरी केळीची बाग, म्हशी, दोन सुना. पण सगळ्या कामातून सक्तीची सुट्टी मिळाल्यामुळे बाई मनातून खूश होत्या. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी भंवरीबाईंना आपल्या व्याह्यांपासून म्हशीच्या आचळापर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि मग विचारलं, रोज हिथं बसून काय करतेस?

सून येईपर्यंत वाट बघते, भंवरीबाई म्हणाल्या.

"चाल मन्हा संगे," प्रमिलाबाई उठल्या. "डाक्टर चालाले सांगस ना? मंग चाल."

चालणं म्हणजे तीन दुकानं ओलांडून चौथ्याच्या तीन पायऱ्या चढणं. चढून गेल्यावर भंवरीबाईंच्या लक्षात आलं की आपण हॉटेलात आलो आहोत.

ते अण्णाचं हॉटेल. पाटीवर काही मोठं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. आठ टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेला भाव, काउंटरवर उदबत्ती आणि मोबाइलने पैसे भरल्याची ओरडून वर्दी देणारी डबी. मसाला डोसा पन्नास रुपयांत, सांबार मागाल तितकं. त्यामुळे कॉलेजची मुलं, रिक्षावाले, कोर्टात तारखेला आलेली खेड्यातली माणसं, सगळ्यांची तिथे झुंबड असायची. अण्णाचं खरं नाव सेल्वम. वडील रेल्वेत होते, त्यामुळे तो भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्येच जन्मला आणि वाढला. तमिळ तो आईपुरतं बोलायचा. बाकी गिऱ्हाइकांशी त्याची खान्देशी इतकी अस्सल होती की नवखा माणूस काउंटरवरची तमिळ देव मुरुगनची तसबीर पाहून चकित व्हायचा.

भंवरीबाई कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. पदर सारखा केला, पिशवीतून आपली बाटली काढून समोर ठेवली, जणू ती पाहून लोकांना कळावं की मी इथली नाही. प्रमिलाबाईंनी मसाला डोसा मागवला. तो आला तो ताटलीच्या दोन्ही कडांबाहेर. तांबूस, तुपकट, कडेला जाळीदार. प्रमिलाबाईंनी मधोमध बोट दाबलं तसा तो कुरकुरला आणि आतून पिवळी भाजी वाफेसकट डोकावली. त्यांनी मोठा घास केला आणि उजवा हात कण्हत कण्हत तोंडापर्यंत नेला.

"डाक्टर म्हणस हात वर कर. घरी मन्हा हात वर जात नही. आठे बठ्ठा वर जास," त्या म्हणाल्या, आणि इथे सगळा वर जाणाऱ्या त्या हाताने दुसरा घास घेतला.

भंवरीबाईंना हसू आवरलं नाही. पण त्या फक्त पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशीही पाणीच प्यायल्या. तिसऱ्या दिवशी काउंटरवरून जाताना अण्णाने त्यांना थांबवलं. शेठाणी, तुम्ही रोज येता आणि कोरड्याच जाता, माझ्या हॉटेलाला ते बरं दिसत नाही, काही चुकतंय का आमचं? भंवरीबाईंनी संकोचत आपला नियम सांगितला. अण्णा म्हणाला की इडलीत तांदूळ आणि उडीद याशिवाय काही नाही. सांबार सोडा, त्यात कांदा आहे. चटणीत आलं असतं, पण आलं घालायच्या आधीची वाटीभर चटणी तो रोज बाजूला काढून ठेवतोच. त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, दर गुरुवारी सकाळी येणारे एक शेठजी, त्यांच्यापायी लागलेली सवय.

इडली रूपल घरीही करायची, तेव्हा इडलीला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. भंवरीबाईंनी दोन इडल्या घेतल्या. घरच्या इडलीहून त्या हलक्या होत्या. आणि मुख्य म्हणजे कोणीतरी त्या करून, ताटलीत घालून, समोर आणून ठेवल्या होत्या. हे शेवटचं कधी झालं होतं ते आठवायचा भंवरीबाईंनी प्रयत्न केला. मननच्या बापाच्या बाळंतपणात, बहुधा.

मग इडली रोजची झाली. घरी त्यांनी सांगितलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलल्या नसत्या, पण कोणी विचारलं नाही. गुडघाही सुधारत होता. तीन पायऱ्या आता कठड्याला न धरता चढता येत होत्या.

पण इडली खाता खाता त्यांची नजर सारखी प्रमिलाबाईंच्या ताटलीकडे जायची. एकदा अण्णाने साधा डोसा करून दिला. चांगला होता, पण भंवरीबाईंना तो रिकामा वाटला. पाकीट आलं आणि आत पत्रच नाही, असं काहीसं. प्रमिलाबाईंच्या डोशाला पोट होतं. यांच्याला नव्हतं.

अकराव्या दिवशी त्यांनी धीर करून विचारलंच, की मसाला डोसा बटाट्याशिवाय होतो का?

अण्णाने मान खाजवली. होईल, पण कशाचा करू? भाजीचं पातेलं पहाटे पाचला एकदाच चढतं, दोनशे डोशांचं. एका माणसासाठी वेगळी भाजी करायला आत जागा नाही आणि माणूस नाही. कोबीचा करायचा तर पाणी सुटतं, पनीरचा करायचा तर पन्नास रुपयांत परवडत नाही. तव्यावरचा पुना, पन्नाशीचा, मिशीवाला, अबोल माणूस, आतूनच म्हणाला, मसाला डोशात बटाटाच असतो. त्याच्या लेखी विषय संपला होता.

भंवरीबाई ओशाळल्या. उगाच विचारलं, असं त्यांना झालं. जाऊ द्या, इडलीच बरी, म्हणून त्या खाली मान घालून खाऊ लागल्या. प्रमिलाबाई काही बोलल्या नाहीत. ही गोष्टच इतकी नवलाची होती, की भंवरीबाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई दवाखान्यात आल्या त्या डाव्या हातात एक जड पिशवी घेऊन. व्यायाम संपेपर्यंत ती त्यांनी खाटेखाली ठेवली. मग थेट हॉटेल गाठून अण्णाच्या काउंटरवर ओतली. हिरवीगार, कच्ची केळी, दोन फण्या, देठाचा चीक अजून ओला.

"बठ्ठं झाडवरनं शे," त्या म्हणाल्या. "जमिनमातलं काहीच नही."

अण्णा आधी हसला. डोशात केळं घालू म्हणता, माझं गिऱ्हाईक पळून जाईल. आणि हसता हसता तो थांबला. त्याने एक केळं उचललं, नखाने साल खरवडली, वास घेतला. भुसावळच्या क्वार्टरमध्ये त्याची आई कच्ची केळी वाफवून, किसून, मोहरी-उडीद डाळीच्या फोडणीवर परतायची. वाळक्काय म्हणायची ती. वर खोबरं आणि लिंबू. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत त्याने ती भाजी खाल्ली नव्हती. बायको भुसावळचीच, तिला ती येत नव्हती. इतक्या केळीच्या मुलुखात राहून, दारावरून रोज केळीचे ट्रक जाताना पाहून आपल्याला हे सुचलं कसं नाही, असं तो पुनःपुन्हा म्हणायला लागला.

पण करणार कोण? पुनाने हात वर केले. साडेनऊ ते साडेदहा तव्यावरून त्याला हलता येत नव्हतं. प्रमिलाबाईंना किसणीवर हात चालवता येत नव्हता. अण्णा काउंटर सोडू शकत नव्हता. सगळ्यांनी भंवरीबाईंकडे पाहिलं.

त्यांनी क्षणभर विचार केला. मग पिशवी खिळ्याला अडकवली, पदर कमरेला खोचला आणि आत गेल्या.

हॉटेलचं स्वयंपाकघर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घरच्या न्हाणीघराएवढं, पण त्यात तीन भट्ट्या, पुरुषभर उंचीचं इडलीपात्र, आणि वर धूर ओढणारा पंखा विमानासारखा घरघरत असलेला. पुना तव्यावर पाणी शिंपडून छोट्या झाडूने तवा झाडत होता. भंवरीबाईंनी डोळे विस्फारले. तव्याला झाडू? पुनाने तो उचलून दाखवला, नारळाच्या काड्यांचा, स्वच्छ, तव्याखेरीज कशालाच न लागलेला. त्यांनी मान डोलावली आणि एक कढई मागितली. कढई आली. ती त्यांनी स्वतः दोनदा घासली. पुनाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

केळी इडलीपात्रात वाफवली. सोलून गरम गरमच किसली. तेलात मोहरी, उडदाची डाळ, ती तांबूस झाल्यावर कढीपत्ता, हिरवी मिरची, हिंग, आणि वाळलेली म्हणून नियमात बसणारी हळद. किस टाकून हलक्या हाताने परतला, दाबला नाही, दाबला की लगदा होतो. मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं. गॅस बंद करून लिंबू. काउंटर सोडता येत नाही म्हणणारा अण्णा तीनदा आत डोकावून गेला. तिसऱ्यांदा त्याने चमचाभर भाजी तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि बाहेर निघून गेला. प्रमिलाबाई दारात स्टुलावर बसून, गावात मिरची कशी जास्त घालतात ते सांगत होत्या.

पुनाने तवा झाडला, पीठ ओतलं, वाटीने गोल फिरवलं, कडेने तूप सोडलं. मधे भंवरीबाईंनी आपल्या हाताने भाजी ठेवली. आणि तेवढ्यात बाहेरून अण्णाचा आवाज आला:

"या या शेठ! आज गुरुवार नाही तरी? नेहमीचंच सांगू ना, इडली-वडा?"

त्याला उत्तर म्हणून जे पुटपुटणं ऐकू आलं, तो आवाज भंवरीबाई सत्तेचाळीस वर्षं ऐकत होत्या.

झालं होतं असं, की त्या दिवशी रूपलच्या जिममधली लाइट गेली. ती दहालाच दवाखान्यात आली, तर बाक रिकामा. नर्स म्हणाली, मघाशीच गेल्या. रूपलने फोन लावला. फोन पिशवीत, पिशवी खिळ्याला, आणि पंख्याच्या घरघरीत तो कोणाला ऐकू जाणार? अकरा वेळा लावूनही उचलला जाईना, तेव्हा तिचं धाबं दणाणलं. तिने पेढीवर सासऱ्यांना फोन केला. कन्हैयालालजी हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून नोकराच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. दोघांनी गल्ली पालथी घातली. शेवटी औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाई ना? त्या तर रोज अण्णाकडे जातात. रूपल म्हणाली, आमच्या मम्मीजी हॉटेलात जात नाहीत, दुसऱ्या कोणी असतील. तरी बघू या, म्हणून दोघे पायऱ्या चढले.

भंवरीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात उलथनं, कमरेला पदर, कपाळावर घाम. समोर रूपल, तिच्या मागे कन्हैयालालजी, आणि काउंटरवर हसऱ्या चेहऱ्याचा अण्णा, ज्याला आपण काय करून बसलो याची अजून कल्पना नव्हती.

"मम्मीजी?" रूपल एवढंच म्हणाली. ती सासूकडे पाहत होती. सासू सासऱ्यांकडे पाहत होती. सासरे भिंतीवरचा भाव वाचत होते.

"दर गुरुवारी?" भंवरीबाईंनी विचारलं.

कन्हैयालालजींनी खाकरून घसा साफ केला. देवळातून पेढीवर जाताना वाटेतच पडतं, असं काहीसं ते म्हणाले. अण्णाच्या आता लक्षात आलं. तो घाईघाईने शेठजींच्या बचावाला धावला: शेठ नियमाचे पक्के आहेत, कांदा नाही, लसूण नाही, वडासुद्धा पिठात आलं घालायच्या आधीचा, अकरा वर्षांत एकदाही चूक नाही. अकरा वर्षं हा आकडा ऐकून कन्हैयालालजींनी डोळे मिटले.

हॉटेलातलं खाणं थांबलं होतं. दोन रिक्षावाले घास हातात धरून बसले होते. प्रमिलाबाई स्टुलावरून उठून पुढे आल्या, कारण मागून नीट दिसत नव्हतं.

भंवरीबाईंना राग आला होता का? नंतर त्यांनी स्वतःलाच विचारलं. थोडा आला होता. पण त्या खरंच काय बोलतील हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि जे तोंडातून आलं ते ऐकून त्या स्वतःच चकित झाल्या.

"खाल्लंत त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "एकटेच खाल्लंत, त्याचं वाईट वाटतं."

"तू येशील असं मला वाटलंच नाही," कन्हैयालालजी हळूच म्हणाले.

"विचारलं होतंत?"

नव्हतं विचारलं. ते त्यांनी मान हलवून कबूल केलं. आणि मग भंवरीबाईंना एकदम हसू फुटलं, कारण गेला आठवडाभर आपणही कोणाला न सांगता इडल्या खात होतो, हे त्यांना आठवलं. त्या हसल्या तशा प्रमिलाबाई हसल्या, मग रूपल, मग रिक्षावाले, आणि शेवटी कन्हैयालालजींच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

"डोसा करपेल," आतून पुना म्हणाला.

पहिला डोसा त्याने दुमडून ताटलीत घातला आणि स्वतः बाहेर आणून दिला. तो कधी बाहेर येत नसे. ताटली मध्ये ठेवून चौघांनी चारी बाजूंनी तोडला. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आतली भाजी मोकळी, दाण्यादाण्याची, लिंबाचा आंबटपणा शेवटी जिभेवर येणारा. बटाट्यासारखी ती घशात बसत नव्हती. रूपल म्हणाली, ओळखूसुद्धा येत नाही केळं आहे म्हणून. भंवरीबाईंनी दुसरा घास घेतला आणि डोळे मिटले. अखेर पोट असलेला डोसा त्यांच्या ताटलीत होता, आणि ते पोट त्यांनी स्वतःच भरलं होतं.

पुना बाजूला उभा राहून बघत होता. अण्णाने त्याला एक तुकडा दिला. त्याने तो सावकाश चावला.

"मिरची एक जास्त पाहिजे," तो म्हणाला.

"मी हाईच सांगी राह्यनी व्हतू," प्रमिलाबाई म्हणाल्या.

केळीची भाजी त्या दिवशी आणखी नऊ डोशांना पुरली. रिक्षावाल्यांनी मागून घेतले, कॉलेजच्या एका मुलीने फोटो काढला. अण्णा आतबाहेर करत होता आणि जाता-येता कढईतली चिमूट तोंडात टाकत होता. भंवरीबाईंनी पाहिलं, त्याचे डोळे ओलसर झाले होते, पण ते मिरचीच्या फोडणीनेही होतात, म्हणून त्यांनी काही विचारलं नाही.

आठवड्याभरात भिंतीवर खडूने नवी ओळ आली: केळीचा मसाला डोसा, कांदा-बटाटा नाही. भाव तोच. प्रमिलाबाईंचा मुलगा दीपक शहरात येताना दर दोन दिवसांनी फण्या टाकून जाऊ लागला. भाजी आता अण्णाच पहाटे वेगळ्या कढईत करायचा, आणि त्या कढईला दुसरं काही लागलेलं पुनाला खपत नसे. दाणा बाजारातून, सराफ बाजारातून घरची घरं येऊ लागली. दाढी-मिशी पिकलेली माणसं जन्मात पहिल्यांदा मसाला डोसा खायची आणि बाहेर पडताना लाजल्यासारखी हसायची. अण्णाने भंवरीबाईंना सांगितलं की तुमच्याकडून आता कशाचेच पैसे घ्यायचे नाहीत. त्यांनी ते साफ नाकारलं. त्याऐवजी त्यांनी सांबाराचं एक लहान पातेलं बिनकांद्याचं करायला लावलं, दुधीचं, आणि चिंच किती घालायची ते उभं राहून दाखवलं.

दवाखान्याचे वीस दिवस संपले. शेवटच्या दिवशी प्रमिलाबाईंचा हात कानाच्या वर गेला, तेव्हा त्यांनी तो खाली घ्यायलाच नकार दिला. नर्सला दाखवला, डॉक्टरांना दाखवला, रस्त्यावर येऊन बसवाल्याला दाखवला. जाताना भंवरीबाईंना बजावून गेल्या की संक्रांतीनंतर बागेत यायचं, सगळ्यांनी यायचं, आणि पाण्याची बाटली आणायची असेल तर आणायची. भंवरीबाईंनी हो म्हटलं. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या होत्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी कन्हैयालालजी देवळात जायला निघाले आणि दारात थांबले. चपला घालून झाल्या तरी निघेनात. भंवरीबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या.

"येतेस का?" त्यांनी विचारलं.

त्या तशाच निघाल्या. देवदर्शन झालं. साडेआठ वाजता अण्णाच्या हॉटेलात दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर समोरासमोर बसली. अण्णाने विचारलंही नाही, दोन केळीचे डोसे सांगून टाकले.

घरी कन्हैयालालजी जेवायचे तेव्हा भंवरीबाई वाढत असायच्या. त्या जेवायच्या तेव्हा ते पेढीवर असायचे. समोरासमोर बसून, दोघांनाही काही काम नाही, असं कधी झालंच नव्हतं. भंवरीबाईंचा हात दोनदा नकळत त्यांच्या ताटलीकडे गेला, चटणी वाढायला. दोन्ही वेळा चटणी आधीच वाढलेली होती. त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला.

कन्हैयालालजींनी इकडे तिकडे पाहिलं. मग डोशाचा तुकडा मोडता मोडता म्हणाले की पायऱ्या बऱ्याच भराभर चढलीस. भंवरीबाई म्हणाल्या, पूर्वी याहून भराभर चढायचे. धुळ्याला शाळेत असताना खो-खोच्या संघात होते.

कन्हैयालालजींचा हात थांबला.

"खो-खो? तू?"

मग काय. भंवरीबाईंनी सांगायला सुरुवात केली. धुळ्याला त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान, त्याच्यामागे घर, घरापासून मुलींची शाळा चार मिनिटांवर, पण त्या दोन मिनिटांत पळत जायच्या. साडी नेसून खेळायचं नाही म्हणून खेळ शिकवणाऱ्या गुजराती बाईंनी मुख्याध्यापिकांशी भांडून सलवारी शिवून घेतलेल्या. भंवरी पाठलागावर. नववीत असताना जळगावच्या संघाशी सामना होता, पांझरेच्या काठच्या मैदानात, आणि मैदानाभोवती एवढी गर्दी की वडील दुकान बंद करून आले होते. पण आपण आलोय हे तिला कळू नये म्हणून झाडामागे उभे राहिले होते.

अण्णाने न विचारताच दोन पेले कॉफी आणून ठेवली. कन्हैयालालजींनी तिकडे पाहिलंही नाही. ते टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकले होते, आणि पेढीवर जायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

"मग? जिंकलात?"

"हरलो," भंवरीबाई म्हणाल्या. "पण कसे हरलो ते ऐका तर."

आणि त्या सांगू लागल्या.